त्राटिकेचं बिऱ्हाड

१९ जानेवारी

आज गोकुळला नाशिकहून घरी आणलं. डाव्या पायात गुडघ्याखाली सळई घातली आहे. दोन महिने पाय टेकवायचा नाही, पुढचं एक्स-रे पाहून सांगू, असं डॉक्टर म्हणाले. गोकुळने विचारलं, "क्लच दाबता येईल ना?" डॉक्टर हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

वऱ्हाडाची भांडी बांधायला हा जीपच्या टपावर चढला होता. ओढताना दोर तुटला आणि हा पाठीमागे खाली आला. जीप मालकाची. मालकाने तांदळाचं एक पोतं पाठवलं आणि जीपवर दुसरा ड्रायव्हर बसवला. त्यात त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. जीप उभी ठेवून त्याने तरी काय करावं? तरी तांदूळ निवडताना मला राग येत होता आणि तो नेमका कुणाचा, ते ठरत नव्हतं.

खोडाळ्याला जाणारी जीप आमच्या दारावरूनच जाते. संध्याकाळी तिचा आवाज आला तसा गोकुळ बोलता बोलता थांबला. "चढ लागला. आता गिअर खाली घ्यायला पायजे," म्हणाला. जीप दूर गेल्यावरही तो ऐकत होता.

२४ जानेवारी

भाड्याची तारीख होऊन गेली. वाचनालयातलं माझं मानधन दिवाळीपासून आलेलं नाही. विचारलं की "बिल वर गेलंय" हे उत्तर मिळतं. जवळ होतं ते लेकीच्या, वर्षाच्या, नर्सिंगच्या वसतिगृहात भरलं. ते थांबवलं असतं तर पोर परत आली असती, आणि एकदा परत आलेली पोर पुन्हा जात नाही.

घरमालक पंढरी भाऊसाहेब वरच्या मजल्यावर एकटे राहतात. ग्रामसेवक म्हणून आयुष्य काढलं, म्हणून सगळे भाऊसाहेब म्हणतात. पत्नी गेल्या, मुलगा कल्याणला असतो. ते भाडं मागत नाहीत. जिना उतरताना आमच्या दारात थांबतात, "पाय कसा आहे?" विचारतात, आणि गोकुळने सांगितल्यावरही जरा वेळ उभे राहतात. ते थांबणं भाड्यासाठी असतं की एकटेपणामुळे, मला कळत नाही. आज त्यांच्या चपलांचा आवाज आला तशी मी मोरीत गेले आणि गरज नसताना बादलीत पाणी सोडलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, बी. ए. झालेली.

३० जानेवारी

वाड्याला माहेरी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू ये की. तुझं घर आहे हे."

मी म्हटलं, "आम्ही दोघं येऊ."

तो म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

लग्नाला वीस वर्षं झाली. गोकुळ आमच्या जातीचा नाही, एवढंच त्या घरात अजून चालू वर्तमान आहे.

३ फेब्रुवारी

आज भाऊसाहेब बोरं घेऊन खाली आले. गोकुळ भिंतीकडे तोंड करून पडला होता, झोपला असावा. गोष्टीवरून गोष्ट निघत बोहाड्यावर आली. भाऊसाहेबांची बहुतेक नोकरी गोकुळच्याच गावात झाली. तिथे चैत्रात देवीपुढे देवादानवांची सोंगं नाचतात. ज्या घराचं जे सोंग, त्याच घरातला माणूस तो मुखवटा चढवतो आणि संबळावर नाचत देवळापर्यंत जातो. गोकुळच्या घराकडे त्राटिका आहे, रामाने मारलेली राक्षसीण. आधी आजा, मग बाप, आता हा.

भाऊसाहेब म्हणाले, "ताई, मी त्या गावाची घरपट्टी वसूल केली, जन्माचे दाखले दिले, किती मयतींना गेलो त्याचा हिशेब नाही. बोहाड्याला मला खुर्ची देत. पहिल्या रांगेत. खुर्ची म्हणजे काय? तू इथला नाहीस हे मानाने सांगणं."

मी हसले. ते हसले नाहीत.

"यंदा त्राटिका कोण नाचवणार?" त्यांनी विचारलं. गोकुळच्या पायाकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, "बोरं धुऊन घ्या हं."

४ फेब्रुवारी

मी वर जाऊन आले. जे बोलले ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, यंदा त्राटिका तुम्ही नाचवा. आम्हाला भाडं जमत नाही. त्याबदल्यात म्हणा."

ते कॉटवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताई, विचार करून बोलताय?"

"हो."

"गोकुळला विचारलंत?"

"विचारते."

"तो हो म्हणाला तर..." त्यांनी पुन्हा चष्मा काढला. "तर तो पुन्हा जीपवर बसेपर्यंत या घरात भाड्याचं नाव काढायचं नाही. तुम्ही फार मोठं मन करताय."

मी जिना उतरले तेव्हा हलकं वाटत होतं. लगेच वाटलं, यात फसवणूक आहे. इतक्या महिन्यांचं भाडं सोडून त्यांना काय मिळणार? एका रात्रीचं नाचणं. मी त्यांच्या एकटेपणाचा भाव केला का? त्यांना दुपारची भाजी-भाकरी देत जायचं ठरवलं. तेवढं तरी माझ्याकडून.

मग गोकुळला सांगितलं. तो छताकडे बघत राहिला.

"कोणी काढलं हे?"

"मी."

"वर जाऊन बोललीस?"

"हो. यंदा तुला तसंही नाचता येणार नाही ना रे."

"नाय येणार."

"मग?"

"मंग काय? बोललं त बोललं," तो म्हणाला. "भाऊसाहेब चांगला माणूस हाय. चहा टाक."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला नाही, याचं बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

सासूबाई गावाहून आल्या. त्राटिकेचा मुखवटा स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून जीपमधून मांडीवर घेऊन आल्या. टपावर ठेवू दिला नाही. त्यावरून नव्या ड्रायव्हरशी भांडल्याही म्हणे: "तुझ्या आयला टपावर बांधशील का रं?"

मी पाणी दिलं. त्यांनी मुखवटा खाली न ठेवताच ते प्यायलं. म्हणाल्या, "पोर सासरी धाडल्यावाणी वाटतं गं."

मी म्हटलं, "आई, बोहाडा झाला की येईलच परत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोकुळकडे. त्याने मान किंचित हलवली.

"हां," सासूबाई म्हणाल्या, "येल."

वर जाऊन मुखवटा त्यांनी स्वतः भाऊसाहेबांच्या हातात दिला. भाऊसाहेबांनी चहा केला होता, तो घेतला नाही. खाली आल्यावर मला म्हणाल्या, "तुझा चा दे. तो पिते." म्हाताऱ्या माणसांचे रुसवे असतात. मी मनावर घेतलं नाही.

२० फेब्रुवारी

तालीम सुरू झाली. संध्याकाळी अंगणात गोकुळ खाटेवर, पाय उशीवर, मांडीवर उपडं पातेलं. पातेल्यावर संबळाचा ठेका धरतो आणि भाऊसाहेब लेंगा वर खोचून नाचतात.

"भाऊसाहेब, त्राटिका हाय ती, ग्रामसभा नाय. कंबर हलवा!"

"माझी कंबर पेन्शनीवर आहे, गोकुळ."

"मंग महागाई भत्ता द्या तिला. हां, आता धावा. बायांवर धावा!"

"इथे बाई एकच आहे."

"तिच्यावर नका धावू. ती पळायची नाय."

शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन तोंडाला पदर लावून हसतात. कित्येक दिवसांनी गोकुळ मोठ्याने बोलला. खाट हलेपर्यंत हसला. मी आत भाकरी थापत होते आणि ऐकत होते. वाटलं, हे सुचलं ते बरं झालं. स्वतःला शाबासकी द्यायची माझी सवय नाही, म्हणून इथे एकदा लिहिते.

मात्र तालीम संपल्यावर तो जेवला नाही.

२७ फेब्रुवारी

भाऊसाहेबांनी त्राटिकेसाठी नवं लुगडं आणलं, हिरवं, जरीकाठी. मुखवट्याला नवा रंग देऊन घेतला. आज वर गवंडी आला होता. काय काम म्हणून पाहिलं, तर त्यांच्या बैठकीच्या भिंतीत कोनाडा खोदत होता. मुखवट्याच्या मापाचा. आत पांढरी फरशी बसवणार आहेत.

एका वर्षाच्या हौसेसाठी माणसाने भिंत फोडावी? मी तसं म्हटलंही, "भाऊसाहेब, एवढं कशाला?" ते म्हणाले, "ताई, तिला कुठेतरी नीट बसायला नको का?" माणूस एकटा पडला की असं होत असेल. मला त्यांची काळजी वाटली. भाजीबरोबर आज ताकही पाठवलं.

गोकुळला कोनाड्याचं सांगितलं. त्याने विचारलं, "तोंड कुणीकडं?"

"म्हणजे?"

"कोनाड्याचं. उगवतीला का मावळतीला?"

मी वर जाऊन पाहून आले. उगवतीला.

"बरं केलं," तो म्हणाला.

११ मार्च

आज मला अंगणातून बाहेर जायला सांगितलं. गोकुळ म्हणाला, "जरा नळावर जाऊन ये. भाऊसाहेबांना एक सांगायचं हाय." मुखवटा चढवण्याआधी त्याच्या कानात काहीतरी बोलायचं असतं. ते गोकुळला त्याच्या बापाने मरणाच्या आधल्या दिवशी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनाही घराबाहेर काढलं होतं.

मी रिकामी कळशी घेऊन नळापाशी उभी राहिले. नळाला पाणी नव्हतं. वीस वर्षांत मला जे सांगितलं नाही ते भाडेकरूने घरमालकाला सांगावं, याचा मत्सर वाटला. तो वाटायला नको होता. शिकवायचं तर पूर्ण शिकवावं, यात गोकुळचं काय चुकलं? जीपही तो अशीच शिकवतो, काही हातचं न राखता.

परत आले तेव्हा भाऊसाहेब खाटेच्या कडेला बसले होते. त्यांचे डोळे लाल होते. गोकुळ पातेलं पुसत होता. मी विचारलं, "काय झालं?"

"धूर गेला," भाऊसाहेब म्हणाले. चूल तर मी पेटवलीच नव्हती.

२१ मार्च

एक्स-रे चांगला आला. काठ्या घेऊन चालायला परवानगी मिळाली. गोकुळ दारापर्यंत चालला, रस्त्यापर्यंत चालला. जीप आली. नव्या ड्रायव्हरने थांबवून दोनदा हॉर्न दिला. गोकुळने बॉनेटवर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मी वळून घरात आले. तो हात माझ्यावर असा कधी ठेवला होता ते आठवेना. की आठवत होतं म्हणूनच वळले?

६ एप्रिल

काल संध्याकाळी गावात पोहोचलो. आज दुपारी परत आलो. अजून डोळ्यांत जाग आहे, पण लिहून टाकते.

सोंगांची व्यवस्था लाडक्याबाबा बघतात. त्यांनी गोकुळसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. गोकुळ थोडा वेळ उभाच राहिला, मग बसला.

त्राटिका आली तेव्हा फटफटलं होतं. मी तिला दरवर्षी पाहते. पण आज आठवलं ते पहिलं वर्ष. कॉलेजात होते, मैत्रिणीबरोबर आले होते. त्राटिका बायकांच्या घोळक्यावर धावून आली, सगळ्या किंचाळत पळाल्या आणि मी पळाले नाही. धीट होते म्हणून नव्हे, चप्पल तुटली होती. ती माझ्यापुढे येऊन थांबली. मुखवट्याच्या आत कुणीतरी धापा टाकत होतं. मग तो भला थोरला जबडा थोडा कलला, एखाद्या पोराने मान वाकडी करावी तसा, आणि आतून आवाज आला, "बाय, पळ ना गं. माझी लाज जाल." त्या आवाजासाठी मी घर सोडलं.

आज ती धावली, बायका पळाल्या, मी उभी राहिले. ती थांबली नाही. हिरव्या लुगड्याचा काठ माझ्या हाताला लागून गेला. भाऊसाहेब चांगले नाचले. खरंच चांगले. एकदाच ठेका चुकला आणि मागे खुर्चीवर गोकुळच्या काठीने जमिनीवर ठक् केलं. ते त्यांनी ऐकलं असावं, कारण लगेच सावरले.

देवळापाशी लाडक्याबाबा पुढच्या वर्षाच्या सुपाऱ्या देत होते. ज्याच्या घरी सोंग, त्याच्या हातात सुपारी. "त्राटिका, पंढरी भाऊसायब!" ते ओरडले आणि संबळ वाजला.

मी पुढे गेले. "बाबा, चुकलं. पुढच्या वर्षी गोकुळ आहे. हे यंदापुरतं होतं."

"सोंग उसनं देत नाय, बाय. घरातून गेलं त गेलं. ज्यानं चढवलं त्याचं."

"पण आम्ही तर फक्त..."

"गोकुळनं सांगलं नाय तुला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता बोलू नको हिथं. देवीपुढं हाय."

भाऊसाहेबांनी मुखवटा उतरवला होता. घामाने केस चिकटले होते. गावातल्या बाया त्यांच्या पायांवर पाणी घालत होत्या, सोंग नाचवणाऱ्या आपल्या माणसाच्या पायावर घालतात तसं. ते उभ्या उभ्या रडत होते. सासूबाई लांब भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या पाणी घालायला गेल्या नाहीत.

जीपमध्ये मी गोकुळशी बोलले नाही. भाऊसाहेब शेजारीच होते आणि वाटभर आनंदात होते.

७ एप्रिल

सकाळी विचारलं, "तू मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तू दिलं असतंस?"

"नाही."

"मंग राहिलो असतो कुठं? वाड्याला?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"वर्षाला नाचवता आली नसती," तो म्हणाला. "पोरगी हाय. मला भाऊ नाय. माझ्यामागं ती पेटीतच पडली असती."

हे खरं आहे. हे तो मला समजवायला म्हणाला की स्वतःला, ते कळलं नाही. इतके महिने मी घाबरत होते की आपण त्या माणसाला फार थोडं देतोय. भाजी देत होते. ताक देत होते.

मी ठरवलं की वर जाऊन सगळं सांगायचं. मला माहीत नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मुखवटा परत दिला असता. ते तसेच आहेत. जिना चढले. दार उघडं होतं. भाऊसाहेब कोनाड्यासमोर बसले होते, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, फोन कानाला. मुलाशी बोलत होते. "हो, आपलं. आपल्या घराकडे आलं आता. पुढच्या वर्षी तू येच. पोरांना आण. त्यांना म्हणावं, गावाला जायचंय." मग ऐकत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "गावाला म्हणजे आपल्या गावाला."

मी तशीच खाली आले.

१९ एप्रिल

काहीच लिहावंसं वाटत नाही. गोकुळ काठ्यांशिवाय चार पावलं चालतो.

१ जून

गोकुळ आज जीपवर बसला. खोडाळ्यापर्यंत एकच फेरी केली. परत आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, पाय सुजला होता आणि खिशात पैसे होते. त्याने ते माझ्या हातात दिले. "भाड्याचे काढ आधी."

मी म्हटलं, "गोकुळ, आपण दुसरी खोली बघू. बाजाराकडे मिळेल. रोज वरच्या त्राटिकेखाली झोपायचं, तुला कसं जमतं?"

तो पायाला तेल लावत होता.

"नको," म्हणाला. "दुसरीकडं गेलो त लांब पडल. हिथं वर हाय, एवढं माहीत तरी हाय."

मी पैसे घेऊन जिना चढले. भाऊसाहेब बाजारात गेले होते. दाराला नुसती कडी होती, कुलूप नव्हतं. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. आत काही आवाज नव्हता. असणार तरी कसला? खालून गोकुळने हाक मारली, "हायेत का घरी?"

"नाहीत," मी म्हटलं. कडी काढली नाही. पण लगेच खालीही आले नाही.